न सांगण्याचे दुखणे

दुखण्यांमध्येही मानपानाची उतरंड असते. हृदयविकार झालेल्या गृहस्थाच्या समाचाराला सारा गोतावळा लोटतो. मधुमेह तर आता बैठकीतला विषय झाला असून बिनसाखरेचा चहा मागताना कुणालाही संकोच वाटत नाही. गुडघे, पाठ, मोतीबिंदू या साऱ्यांना चारचौघांत बोलण्याची मुभा आहे. पण एक दुखणे असे आहे की, ते घरोघरी असूनही कुणाच्याच घरी नसते. त्याचे नाव मूळव्याध. ते झालेला मनुष्य खुर्चीच्या कडेवर बसतो, लांबचा प्रवास टाळतो, पंगतीतून लवकर उठतो आणि कुणी विचारलेच तर 'जरा उष्णता झाली आहे' एवढे सांगून विषय बदलतो. या दुखण्याशी माझा चाळीस वर्षांहून अधिक काळ परिचय आहे. त्यातून जे उमगले ते चार घरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे सासर मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातले खातेगांव. इंदुराहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्याने डबलचौकी, चापडा, कन्नौद मागे टाकले की हे तालुक्याचे गाव लागते. पुढे थोड्याच अंतरावर नेमावरला नर्मदामाई आहे आणि पैलतीरी हंडिया. कधीकाळी नोकरीचाकरीच्या निमित्ताने आलेली आमच्यासारखी काही मराठी घरे इथे रुजली. आमचे बोलणे अर्धे माळवी झाले आणि खाणे तर पाऊण. मी १९७९ साली लग्न होऊन इथे आले, पुढे शिक्षिका झाले. १९८३ साली दुसऱ्या बाळंतपणानंतर या दुखण्याने प्रथम गाठले. बाळंतपणाच्या सुमारास अनेक स्त्रियांना ते होते आणि पुष्कळदा आपोआप शमतेही. माझेही शमले, पण १९८९ साली पुन्हा आले, १९९६ साली आले, २००३ साली आले. मधल्या काळातील लहानसहान फेऱ्या तर मोजलेल्याच नाहीत.

मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की औषध घेतले, पथ्य केले, तरी हे पुन्हा का येते? याचे उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. गुदद्वाराच्या आत, सुरुवातीच्या भागात, रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या निसर्गतःच असतात. द्वार घट्ट मिटून ठेवण्यास त्यांची मदत होते. १९७५ साली थॉमसन या ब्रिटिश शल्यवैद्याने हे सविस्तर दाखवून दिले की, मूळव्याध म्हणजे बाहेरून आलेली एखादी गाठ नव्हे. सर्वांच्याच अंगी असलेल्या या गाद्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, गाद्या खाली सरकतात, फुगतात आणि खरचटल्या की रक्त देतात. वर्षानुवर्षे कुंथणे, कडक मल, गरोदरपण आणि वाढते वय ही ते तंतू सैल पडण्याची मुख्य कारणे होत. गाद्या जन्मभर आपल्याजवळच राहणार. तेव्हा त्यांना सरकावणारी कारणे चालू राहिली तर दुखणे परतणारच. हे कळले की वैद्याला दोष देणे आणि दैवाला बोल लावणे दोन्ही थांबते.

आपल्या पूर्वजांनी या रोगाला कधी हलके लेखले नव्हते. सुश्रुताने तो आठ महारोगांत गणला आणि त्यावर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले. वाग्भटाने 'अर्श' या नावाची फोडच शत्रूप्रमाणे छळणारा अशी केली आहे. चरकाने ताकाची महती गाताना, ताकाने गेलेले अर्श पुन्हा उद्भवत नाहीत असे आश्वासन दिले आहे. १९८९ साली आमच्या वैद्यबुवांनी मला ताक, सुरण आणि त्रिफळा यांवर ठेवले होते. सुरणाला तर आयुर्वेदात 'अर्शोघ्न' हेच नाव आहे. त्या उपायांनी मला आराम पडला, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. पुढे ताक सुरू असतानाही दुखणे परतले. चरकाचे आश्वासन मला लागू पडले नाही, तरी उन्हाळ्यात दुपारी ताकाचे भांडे आमच्या घरी आजही फिरते.

आधुनिक शल्यशास्त्रातही पुष्कळ वाटा निघाल्या. १९३७ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी मोड कापून काढण्याची जी रीत मांडली, ती आजही चालते. १९६३ साली अमेरिकेतील बॅरन यांनी मोडाच्या मुळाशी रबराचे लहानसे कडे बसवण्याची पद्धत रूढ केली. कड्याने रक्तपुरवठा तुटतो आणि काही दिवसांत मोड गळून पडतो. आपल्याकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या ग्रंथांतील क्षारसूत्राला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. ते मुख्यतः भगंदरासाठी, पण मोडांनाही ते बांधतात. १९९६ साली इंदुरात मी रबरी कडी बसवून घेतली. दोन दिवस जडपणा जाणवला, तिसऱ्या दिवशी घरी परतले आणि सात वर्षे सुखाची गेली.

ती सात वर्षे माझ्या भाग्याची म्हणावयाची. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ३७२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रबरी कडी बसवलेल्यांपैकी ४९ टक्के रुग्णांना वर्षभरातच त्रास पुन्हा जाणवला. दुर्बिणीसारख्या यंत्राने रक्तवाहिनी शोधून तिला टाका घालण्याच्या नव्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. मोड कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे परतण्याचा संभव सर्वांत कमी; पण तिची वेदनाही सर्वांत अधिक. हे आकडे भीती घालण्यासाठी देत नाही. शस्त्रक्रिया झाली म्हणजे आता मोकळे सुटलो, असे मानून जुन्या चालीवर परतणाऱ्याने ते ध्यानी ठेवावेत, एवढाच हेतू.

इंदुराहून परतल्यावर मी एक गोष्ट सुरू केली. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, त्रास झाला त्या तारखेला लाल पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचा. दूधवाल्याच्या खाड्यांत आणि धोब्याच्या हिशेबात तो कुणाच्या ध्यानात येत नसे. २००३ साली दुखणे पुन्हा जोरावले, तेव्हा जुन्या दिनदर्शिका काढून मांडल्या आणि ठिपके जुळवले. जे दुखणे अकस्मात येते असे वाटत होते, त्याचे स्वतःचे पंचांग होते! नवरात्राच्या उपवासानंतर ठिपका ठरलेला. वैशाखातल्या लग्नसराईनंतर ठिपका. वार्षिक परीक्षांच्या दिवसांत ठिपके ओळीने, आणि पुण्या-मुंबईच्या प्रवासाहून परतल्यावरही.

एकेका ठिपक्यामागचे कारण शोधू लागले. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि दाण्यांचा कूट. 'एकादशी, दुप्पट खाशी' हे आपण हसून म्हणतो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नाही. आठवड्याला एक उपवास धरणाऱ्या आपल्या घरांतील स्त्रिया वर्षातले किती दिवस बिनचोथ्याच्या अन्नावर काढतात, याचा हिशेब कुणी करीत नाही. लग्नसराईत लाडू, मैद्याच्या कचोऱ्या, सेव आणि दाळ-बाफले. भाजीचे पान मात्र ताटात शोधावे लागे. परीक्षांच्या दिवसांचे कारण निराळे होते. त्या काळी आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी स्वच्छतागृह नव्हते. सकाळी घाईने निघायचे, वेग आला तरी सायंकाळपर्यंत आवरून धरायचा, आणि तशी वेळच येऊ नये म्हणून पाणी प्यायचे नाही. रोखलेला मल आतल्या आत कोरडा व कडक होतो, आणि मग कुंथणे आलेच. आपल्या देशातील किती मुलींनी व बायकांनी हे दुखणे केवळ एका आडोशाच्या अभावी ओढवून घेतले असेल!

माळव्यात या रोगाचे सारे खापर मिरचीच्या माथी फोडण्याची चाल आहे. त्याविषयी एक गमतीची माहिती वाचनात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात ५० मूळव्याधग्रस्तांना कधी लाल मिरचीची पूड भरलेली, तर कधी नुसतीच निरुपद्रवी पुडी दिली. कुणाला काय मिळाले हे त्यांना ठाऊक नव्हते. दोहोंच्या त्रासात फरक आढळला नाही. उलट नागपूरच्या डॉ. गुप्ता यांनी २००७ साली दाखवले की, गुदद्वाराला चीर पडलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर मिरचीने त्रास होतो. चीर आणि मूळव्याध ही दोन वेगळी दुखणी असून आपण दोहोंना एकाच नावाने संबोधतो. शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी वेदना असेल तर ती बहुधा चीर असते. साध्या मूळव्याधीत रक्त पडते, पण वेदना सहसा नसते. तेव्हा बिचाऱ्या मिरचीपेक्षा, ती ज्या मैद्याच्या कचोरीबरोबर पोटात जाते त्या कचोरीकडे अधिक संशयाने पाहावे.

पंचांग कळल्यावर पथ्य सोपे झाले. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिरा, रताळे, पेरू, पपई. पोळीचे पीठ चाळायचे नाही, कोंडा त्यातच ठेवायचा. रोज एक पालेभाजी आणि एक उसळ. रात्री निजण्यापूर्वी दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून, आणि त्यावर आणखी पेलाभर पाणी. आपल्या माळव्यातच नीमचच्या बाजारात या इसबगोलाचा मोठा व्यापार चालतो आणि आपण ते दुखण्याच्या दिवसापुरतेच आणतो. ते पुरेशा पाण्याशिवाय घेऊ नये, आणि सुरुवात थोड्यापासून करावी. नाहीतर पोट फुगते. हा आजीबाईच्या बटव्यातला उपाय आहे म्हणून नाक मुरडू नये. सात चाचण्यांतील ३७८ रुग्णांचा एकत्र विचार करून २००५ साली निघालेला निष्कर्ष असा की, असा चोथा नियमित घेणाऱ्यांत त्रास टिकून राहण्याचा आणि रक्तस्रावाचा संभव जवळजवळ निम्मा होतो. माझ्या पाहण्यात इतका स्वस्त आणि इतका निरुपद्रवी उपाय दुसरा नाही.

स्वयंपाकघराइतकेच शौचकूपातले पथ्य महत्त्वाचे. वेग आला की जावे. वेग नसता बळेच बसू नये, आणि पाच मिनिटांत उठावे. पूर्वी घरातले कर्ते पुरुष वर्तमानपत्र घेऊन आत जात. आता सारेच जण मोबाइल घेऊन जातात. अमेरिकेत १२५ जणांची दुर्बिणीने तपासणी करून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शौचाच्या वेळी मोबाइल पाहणाऱ्यांत मूळव्याधीचा संभव ४६ टक्के अधिक आढळला. असे बसून राहिले की खालून आधार नसलेल्या त्या गाद्यांवर भार पडत राहतो. गुडघ्यांमुळे उंच आसनाचा संडास वापरणाऱ्यांनी पायांखाली जेवणाचा पाट किंवा लहान चौरंग घ्यावा, म्हणजे उकिडवे बसल्याचा लाभ मिळतो. आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसावे. मलमे मात्र डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस वापरावीत.

हे सारे पथ्य एकट्याने, लपूनछपून होणे शक्य नाही, आणि इथेच मला आमच्या सासूबाईंची आठवण येते. १९९१ साली त्यांना जिना चढवेना. चेहरा पांढराफटक, पायांवर सूज, बोलताना धाप. घरात सर्वांनी वयावर आणि उपवासांवर हवाला ठेवला. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सहाच्याही खाली निघाले. डॉक्टरांनी हरप्रकारे विचारले, पण शेजारी मुलगा उभा असताना त्या माउलीच्या तोंडून शब्द फुटेना. यांना बाहेर पाठवून मी त्यांचा हात हातात घेतला, तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, "अगं सूनबाई, बारा वर्षं जातंय. पण असलं कुणाला सांगायचं?" बारा वर्षे! घरात नवरा, तीन मुले, सुना, आणि बारा वर्षांत हे एक वाक्य बोलण्याची जागा त्यांना सापडली नव्हती. दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. त्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांनी मलावरोध आणखी वाढवला. लोहाच्या गोळ्यांचा हा गुण ठाऊक असलेला बरा, म्हणजे त्यांच्या जोडीला इसबगोल पहिल्या दिवसापासून देता येते. सासूबाई सावरल्या आणि पुढे अनेक वर्षे जगल्या. पण त्या दिवसापासून मी माझे दुखणे घरात लपवायचे नाही असे ठरवले. सुरुवातीस यांना संकोच वाटला. मग भाजी आणताना स्वतःहून "आज सुरण मिळाला" म्हणू लागले.

लपवण्याचा दुसरा तोटा असा की, लपवणारा मनुष्य अंधारातल्या वाटेने वैद्य शोधतो. आठवड्याच्या हाटात, बसस्थानकाच्या भिंतीवर 'बवासीर का शर्तिया इलाज' अशी पाटी आपल्यापैकी प्रत्येकाने वाचली असेल. 'बिनाऑपरेशन, एकच सुई' हे त्या पाटीवरचे आमिष. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी अशी सुई टोचून घेतली. आतली जागा भाजून निघाली, जखम भरताना द्वार आवळले गेले, आणि पुढली दोन वर्षे त्यांना इंदुराच्या चकरा माराव्या लागल्या. शिकलेल्या डॉक्टरांकडेही सुईचा उपचार असतो. पण औषध कोणते, किती आणि कुठे, याचे शास्त्र आहे. पाटी लावणाऱ्याकडे ते नसते. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, या लाजेच्या भरवशावरच त्याचा धंदा चालतो.

तिसरा तोटा सर्वांत मोठा. रक्त पडले की ते मूळव्याधीचेच, असे समजण्याची सवय होते. ज्याला आधीच मूळव्याध आहे त्याला तर संशयही येत नाही. २०१४ साली माझ्या दिनदर्शिकेवर ठिपका पडला, पण तो पंचांगाला सोडून होता. उपवास नव्हता, प्रवास नव्हता, मल मऊ होता. रक्ताचा रंगही नेहमीपेक्षा काळपट. इंदुरात डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा वरच्या भागात मांसाचा एक लहान अंकुर सापडला. तो त्याच वेळी काढून टाकला. असे काही अंकुर काही वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतात. माझा त्याआधीच निघाला. म्हणून सांगते: रक्ताची रीत बदलली, शौचाची सवय बदलली, मल काळा झाला, वजन घटू लागले, घराण्यात आतड्याचा कर्करोग असला, किंवा चाळिशी-पंचेचाळिशीनंतर रक्त प्रथमच दिसले, तर 'जुनेच आहे' म्हणून स्वस्थ बसू नये. एकाएकी कडक, ठणकणारी गाठ आली तरी दोन-तीन दिवसांच्या आत दाखवावे. त्या अवधीत उपाय सोपा असतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नयेत, पण रक्तस्राव होतो हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

आज माझी सत्तरी जवळ आली आहे. दुखणे गेले असे मी म्हणणार नाही. वर्षाकाठी दोन-तीन ठिपके अजूनही पडतात. पण पूर्वी जे महिनोन्‌महिने रेंगाळत असे, ते आता आठवड्याभरात आवरते, कारण पहिल्याच दिवशी ते घरात सर्वांना कळते. सूनबाई न सांगता मुगाची पातळ खिचडी आणि दुधीची भाजी करते. मोठ्या नातीला मलावरोधाचा त्रास आहे हे मला तिनेच सांगितले, तिच्या आईच्याही आधी. तिच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह आहे. पण त्याला कुलूप असते, हे कळल्यावर माझा मुलगा शाळेत जाऊन बोलून आला. तिच्या वयात मला हे कुणापाशी बोलता आले नसते.

हे पान वाचून झाल्यावर मिटून ठेवू नये, अशी माझी वाचकांना विनंती आहे. जेवणे झाल्यावर घरातील चार माणसे बसली असतील तेव्हा ते मोठ्याने वाचावे. ऐकताना एखादी आजी, एखादी काकू किंवा नुकतीच बाळंत झालेली सून गप्प होऊन मान खाली घालील. तिला त्या वेळी काही विचारू नये. मागाहून, ती एकटी असताना विचारावे.